वामनदादांच्या गाण्यांची वही तुमच्या घरी आहे काय?

एप्रिल लागला की आमच्या रिद्धपूरच्या वस्तीत संध्याकाळी विहारासमोर सतरंजी पडते. दिवसभर संत्र्याच्या बागेत, नाही तर कोणाच्या बांधावर राबून आलेली माणसे हातपाय धुऊन जमतात. एकजण पेटी काढतो, एकजण ढोलकी कसतो, पोरे टाळ्यांचा ठेका धरतात. चौदा एप्रिलच्या रात्रीची गाणी बसवायची असतात. गाणी बहुतेक ठरलेली. त्यातली निम्मीअधिक एकाच माणसाची, म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक यांची.

काही वर्षांपूर्वी असाच सराव चालला होता. माझ्या आईने दादांचे एक गाणे म्हणायला सांगितले. माझे वडील ते फार आवडीने म्हणत. पेटीवाल्याला चाल येत होती, शब्द येत नव्हते. आईला धृपद आणि पहिले कडवे येत होते, पुढचे येत नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “बाबू, तुया बापाची वही आण ना घरून.”

वही घरी नव्हती. वडील गेल्यावर दोन-तीन वर्षांनी घराची डागडुजी काढली, तेव्हा ट्रंकेतली जुनी पुस्तके आणि वह्या मी किलोच्या भावाने रद्दीत घातल्या. त्यात ती दोनशे पानी वहीही गेली. पिवळा पुठ्ठा, आत निळ्या शाईची गिचमीड अक्षरे. विकताना मी ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. आईला मी तिथेच खरे सांगून टाकले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेवढ्यात मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने दुसरे कडवे सुरू केले. ते संपता संपता चांदूर बाजारकडची एक सून पुढे सरकली. तिच्या माहेरी हे गाणे पाळण्यापाशी म्हणत, म्हणून शेवटचे कडवे तिला तोंडपाठ होते. दादांचे नाव त्याच कडव्यात येते. मधल्या एका शब्दावरून दोघींची जुंपली. “असं नाही बाई, तुमी चुकता हो,” असे म्हणत दोघी हटेनात. शेवटी पेटीवाल्याने दोन्ही शब्द लिहून घेतले. दहाच्या सुमाराला पूर्ण गाणे एका कागदावर उतरले आणि मग सगळ्यांनी मिळून ते म्हटले.

त्या रात्री दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. एक, वडिलांची वही ही रद्दी नव्हती, ती समाजाची ठेव होती. दुसरी, ही ठेव अजून पुरती गेलेली नाही. ती वस्तीत तुकड्या-तुकड्यांनी शिल्लक आहे. पण ज्यांच्या तोंडी ती आहे, त्यांची वये झाली आहेत. हा लेख त्यासाठीच लिहीत आहे.

पत्र वाचता न येणारा माणूस

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. घरची गरिबी. आईबरोबर ते मुंबईला आले, शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहिले आणि मिळेल ते मजुरीचे काम त्यांनी केले. शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

त्यांच्या शिक्षणाची गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. एकदा चाळीतल्या कोणीतरी आपले पत्र वाचून देण्यासाठी त्यांच्या हाती दिले. दादांना अक्षरओळख नव्हती. पत्र वाचता येत नाही याची त्यांना इतकी लाज वाटली, की तेव्हाच त्यांनी शिकायचे ठरवले. देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरे काढून दिली. पुढे रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत ते वाचायला शिकले. ज्या माणसाला पत्र वाचता येत नव्हते, त्याची गाणी आज विद्यापीठांत अभ्यासली जातात.

१९४३ साली त्यांनी मुंबईत प्रथमच डॉ. बाबासाहेबांना पाहिले आणि त्याच वर्षी त्यांनी पहिले गाणे लिहिले. तेथून पुढे साठ वर्षे हा माणूस गात राहिला. ‘वाटचाल’, ‘हे गीत वामनाचे’, ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन. १९९३ साली आपल्या विदर्भातच, वर्ध्याला भरलेल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

गाणी मात्र त्यांनी हजारोंनी लिहिली. छापील पुस्तकांत आली ती त्यांतली काही. बाकीची कुठे गेली? ती गेली ऐकणाऱ्यांच्या वह्यांत.

रेडिओशिवाय पोचलेले गाणे

आजच्या मुलांना हे समजावून सांगावे लागते. त्या काळी कोणाचे गाणे गावोगाव पोचायचे म्हणजे रेडिओवर लागले पाहिजे, नाही तर सिनेमात आले पाहिजे. आपल्या गाण्याला हे दोन्ही दरवाजे जवळजवळ बंदच होते. दादांनी सिनेमासाठीही लिहिले, पण त्यांचे खरे गाणे माईकवरून, गॅसबत्तीच्या उजेडात, वस्तीतल्या मंडपात गायले गेले. मागे कोणी कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. पेटी, तबला, ढोलकी, बेंजो आणि मागे कोरस धरणारे दोघे-तिघे एवढी गायन पार्टी. येण्याजाण्याचा खर्च वस्तीने वर्गणी काढून द्यायचा, जेवण आणि मुक्काम कोणाच्या तरी घरी.

आणि ऐकणारे कसे? आपल्या वऱ्हाडात कव्वालीचा दुय्यम सामना लागला म्हणजे पाच-दहा कोसांवरून बैलगाड्या यायच्या. पोरेबाळे गोधडीत गुंडाळून बाया पुढे बसायच्या. पहाट होईपर्यंत कोणी उठायचे नाही. आवडल्या कडव्याला पुन्हा फर्माईश. मजुरीच्या पैशातून एक रुपया, दोन रुपये बक्षीस, आणि माईकवरून देणाऱ्याचे नाव. ज्याचे नाव गावात कोणी धडपणे घेत नव्हते, त्याचे नाव त्या रात्री भोंग्यावरून साऱ्या गावाला ऐकू जायचे. त्या एका रुपयाचे मोल कसे सांगावे?

अशा रात्री पुढच्या ओळीत कोणी तरी सातवी-आठवी शिकलेला पोरगा मांडीवर वही घेऊन बसलेला असे. गाणारा गाई आणि हा उतरून घेई. सुटलेली ओळ दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वहीवरून पुरी करायची. वही हातोहात फिरायची, माहेरी-सासरी जायची. पुढे टेपरेकॉर्डर आले. मग मंचासमोर टेप ठेवून कॅसेट भरायची आणि तिच्यावरून दुसरी भरायची. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि चैत्यभूमीवर सहा डिसेंबरला पुस्तकांच्या दुकानांत गाण्यांच्या लहान लहान पुस्तिका मिळत. बसभाड्यातून वाचवलेल्या पैशांनी लोक त्या घेत.

दादांच्या आधीपासून ही रीत आहे. आपल्या नागपूरकडचे किसन फागूजी बनसोडे यांनी बाबासाहेबांच्याही आधी गाण्यांतून समाज जागा केला. पुढे भीमराव कर्डक यांच्या जलशांनी चळवळीचा विचार खेड्यापाड्यांत नेला. आडनाव एकच असल्यामुळे पुष्कळजण भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत करतात, ती करू नये. भीमरावांनी आंबेडकरी जलशांवर १९७८ साली पुस्तक लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला जलशांची माहिती मिळते. ज्यांचे कोणी लिहिले नाही, असे किती जलसे विसरले गेले असतील!

राजगृह आणि रिद्धपूर

ऐकून ध्यानात ठेवणे आणि मग एकत्र बसून जुळवणे, ही पद्धत आपल्याला नवी नाही. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पाचशे भिक्खू राजगृहाला जमले. आनंदांनी सुत्ते सांगितली, उपालींनी विनय सांगितला आणि संघाने ते एकमुखाने म्हटले. म्हणून तर सुत्तांच्या सुरुवातीला ‘असे मी ऐकले आहे’ या अर्थाचे शब्द येतात. पुढे कित्येक पिढ्या धम्म मुखोद्गतच होता. तो ताडपत्रांवर उतरला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, श्रीलंकेत. पाठ करणारे भिक्खू दुष्काळात आणि लढायांत मरत आहेत, असे दिसले तेव्हा संघाने लिहायचे ठरवले.

आणि दुसरे उदाहरण तर आमच्या गावचेच. रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान आहे. चक्रधरांच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी येथे सिद्ध केला. त्यांनी काय केले? ज्यांनी चक्रधरांना पाहिले, ऐकले होते, त्यांना गाठून विचारले आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. पुढे मूळ प्रत गेली, तेव्हा पंथातल्या मंडळींनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर दोन्ही नोंदल्या. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा, तीही रिद्धपूरच्याच या परिवारातली. तिचे धवळेही लोकांनी पाठ करून जपले.

आम्ही बौद्ध आहोत. पंथ त्यांचा, वाट आमची वेगळी. पण चांगली पद्धत कोणाचीही असो, ती घ्यावी. विहारासमोर त्या म्हाताऱ्या बाईने आणि त्या सुनेने एका शब्दासाठी भांडून जे केले, तेच सातशे वर्षांपूर्वी याच गावात झाले होते. तेव्हा लिहून घेणारे होते, म्हणून मराठीला तिचा थोर गद्यग्रंथ मिळाला. आज आपल्या वस्तीत लिहून घेणारा कोण आहे?

नाव पुसले जाते तेव्हा

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सगळी गाणी आहेत, वहीचे काय काम? गाणी आहेत हे खरे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवरही ती वाजतात. पण नीट लक्ष द्या. मोबाईलवरच्या कित्येक गाण्यांखाली गाणाऱ्याचे नाव असते, चित्र टाकणाऱ्याचे असते, लिहिणाऱ्याचे नसते. मिरवणुकीत धृपद दहा वेळा वाजते आणि शेवटचे कडवे येण्याआधीच दुसरे गाणे लावतात.

शेवटच्या कडव्यातच तर कवीचे नाव असते. जुन्या संतांनी अभंगाच्या शेवटी नाव घातले, तसे दादांनी ‘वामन’ हे नाव आपल्या गाण्यांत घातले. ज्याला शिकायला मिळाले नाही, पाटीवरून अक्षर ओळखायला शिकला, त्या माणसाची ती सही आहे. ती कापली की गाणे बेवारशी होते. उद्या कोणीही म्हणेल, हे माझे आहे. परवा कोणी म्हणेल, हे असेच लोकांत चालत आले आहे, कोणी लिहिले कोणास ठाऊक!

आपल्या समाजाची किती तरी कामे अशीच निनावी झाली. विहिरी आपण खोदल्या, रस्ते आपण केले, नाव कोणाचे लागले? निदान गाण्याला तरी धन्याचे नाव राहू द्या.

दादांची गाणी किती तरी मोठ्या गायकांनी गायली. ती गाऊन गायक मोठे झाले, गाणेही मोठे झाले. शाहीर विठ्ठल उमप यांच्यासारखा गाणारा २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, ऐन कार्यक्रमात, मंचावरच गेला. १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा जण मारले गेले, तेव्हा ते दुःख सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी आपला जीव दिला. गाणे हा त्यांचा धंदा नव्हता, जगणे होते. अशा माणसांची गाणी आपण नाव-गाव न लिहिता वाऱ्यावर सोडावीत, हे योग्य नाही.

नव्या पोरांची वाद्ये

नव्या मुलांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. उलट आनंदाची गोष्ट सांगतो. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलवरून घराघरांत पोचल्या. त्यांच्यामागेही कोणी कंपनी नव्हती. मुंबईत ‘धम्म विंग्ज’ या नावाने बौद्ध तरुणांनी गिटार-ड्रमवर बुद्ध-भीमगीतांचा बँड काढला.

मद्रासकडे, म्हणजे चेन्नईत, चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ नावाचा एकोणीस कलावंतांचा बँड उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. तिकडच्या वस्त्यांत मयताच्या वेळी म्हणतात ते ‘गाना’ नावाचे गाणे त्यांनी रॉक आणि रॅपबरोबर मंचावर आणले. ज्या गाण्याला लोक नाक मुरडत, तेच ऐकायला हजारो जमले. बँडचे नाव त्यांनी घेतले ते पंडित अयोथी दास यांच्या विचारांतून. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या कितीतरी आधी तामिळनाडूत बौद्ध धम्माची चळवळ उभी करणारे हे थोर पुरुष. तिकडची पोरे शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसाचे ऋण बँडच्या नावातच सांगतात. आमच्या पोरांनी निदान गाण्याच्या शेवटी कवीचे नाव घ्यावे, एवढेच मागणे आहे.

घरोघरी करण्याजोगे

आमच्या विहारात त्या रात्रीनंतर जे सुरू केले, ते आपल्यालाही करता येईल. खर्च एका वहीचा आहे.

पहिले, ट्रंक, माळा, कपाट पाहा. जुनी वही, पुस्तिका, कॅसेट सापडली तर रद्दीत घालू नका. वही उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर धरा. मध्ये कडुनिंबाचा सुका पाला ठेवून सुती कापडात गुंडाळा. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून दोघा-तिघांकडे ठेवा.

दुसरे, आजी-आजोबा, मोठी आई, मामी, आत्या यांच्याजवळ बसून गाणी लिहून घ्या. बायांना आधी विचारा. कारण मंचावर पुरुष गायले, तरी दळताना, निंदताना, पाळणा हलवताना गाणी बायांनीच जपली. त्या लाजतील, “मले काय येते?” असे म्हणतील. पण एकीने सुरुवात केली की दुसरी आपोआप पुढचे सांगते.

तिसरे, गाण्याबरोबर चार गोष्टी लिहाच: कवी कोण, चाल कोणती, सांगणारी व्यक्ती कोण, आणि त्यांनी ते कुठे, साधारण कोणत्या साली ऐकले. दोघांचे शब्द वेगळे असतील तर दोन्ही लिहा, स्वतःच्या मनाने सुधारू नका. कवी माहीत नसेल तर अंदाजाने दादांचे नाव घालू नका. दादांइतकाच दुसऱ्या अनाम शाहिराचाही मान आहे.

चौथे, सुटीत हे काम मुलांकडे द्या. मुलांचे अक्षर सुधारते, शुद्धलेखन होते आणि आजीशी बोलणे होते. टीव्हीपुढे बसण्यापेक्षा ते चांगले.

आणि एक मागणी सार्वजनिक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी डॉ. अविनाश आवलगावकर हे पहिले कुलगुरू नेमले जाऊन मराठी भाषा विद्यापीठ आमच्या रिद्धपूरला सुरू झाले. ज्या गावात आठवणी गोळा करून मराठीचा पहिला मोठा ग्रंथ झाला, त्या गावच्या विद्यापीठात आंबेडकरी जलसे, भीमगीते आणि कव्वाल्या यांच्या वह्या जपणारे एक दालन असावे. जुन्या पोथ्या जपायच्या तशाच या दोनशे पानी वह्याही जपायच्या. मराठी फक्त पोथीत राहिली नाही, ती आमच्या मंडपातही राहिली. ही मागणी आपापल्या मंडळांनी, महिला मंडळांनी ठराव करून करावी. पण मागणी करताना देण्यासाठी हातात वही तर पाहिजे!

आमच्या विहारातली वही आता निम्मी भरली आहे. पहिल्या पानावर ते जुळवलेले गाणे आहे. वादाचा तो शब्द दोन्ही तऱ्हांनी लिहिला आहे आणि खाली दोघींची नावे आहेत. वडिलांच्या अक्षरातली वही काही परत येणार नाही. पण सराव सुरू झाला की आई ही नवी वही स्वतः उघडते. तिला वाचता येत नाही. ती गाणे पानाच्या जागेवरून ओळखते, बोट ठेवते आणि नातीला म्हणते, “इथून म्हण.” नात शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणते. वामनदादांचे नाव आले की आई हात जोडते.

तेव्हा वाचक बंधुभगिनींनो, आज हा अंक वाचून झाला की आधी घरातली ट्रंक उघडा.

जयभीम.